क्षीण विद्युत मासे हालचालीतून परिसर कसा ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्युत माशांचा विषय निघाला की बोलणे विजेवरच येऊन थांबते: किती व्होल्ट, कुठल्या अवयवातून, कशासाठी. या माशांची खरी करामत मात्र त्यांच्या पोहण्यात आहे, असे मला वाटते. वीज सोडणे हे अर्धे काम. ती सोडताना शरीर कुठे, कसे आणि किती हलवायचे, यावर त्यांना काय कळणार हे ठरते. खालचे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहेत. सुरुवातीचे तीन पार्श्वभूमीसाठी.

क्षीण विद्युत मासे म्हणजे नेमके कोणते?

दोन खंडांतले दोन गट. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या नद्यांमध्ये जिम्नोटिफॉर्म गणातले मासे राहतात. त्यांना सर्रास नाइफफिश म्हणतात. ग्लास नाइफफिश म्हणजे आयगेनमानिया, ब्लॅक घोस्ट म्हणजे अ‍ॅप्टेरोनोटस अल्बिफ्रॉन्स ही त्यांतली संशोधकांच्या रोजच्या ओळखीची नावे. आफ्रिकेत मॉर्मिरिड कुळ आहे. त्यात २००हून अधिक जाती आहेत आणि एलिफंटनोज मासा त्यांतलाच. त्यांचा एक जवळचा नातलग, जिम्नार्कस निलोटिकस, आपल्या कुळातली एकुलती एक जात आहे.

अमेरिकेतला आणि आफ्रिकेतला गट एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. वीज निर्माण करून तिच्या मदतीने परिसर ओळखण्याची क्षमता दोघांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. त्यामुळे एखादी सवय दोन्हीकडे सारखी दिसली, तर ती योगायोगाने आलेली नसून त्या कामाचीच गरज असावी, असा अंदाज बांधता येतो. मागे पोहण्याची सवय अशीच आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

त्यांची वीज किती असते? झटका बसतो का?

नाही. त्वचेलगत दर सेंटिमीटरला काही मिलिव्होल्ट, एवढीच. पाण्यात हात घातला तर काहीच जाणवत नाही. इलेक्ट्रोड टाकून संकेत स्पीकरला जोडला, की मात्र तो स्पष्ट ऐकू येतो.

वीज शेपटीकडच्या विद्युत अवयवातून येते. हा अवयव बहुतेक जातींत स्नायूंच्या पेशींपासून बनलेला असतो. अ‍ॅप्टेरोनोटस आणि त्याच्या भावंडांमध्ये तो चेतापेशींपासून बनतो. सोडण्याच्या दोन पद्धती आहेत. काही मासे अखंड लहर सोडतात: आयगेनमानिया सेकंदाला साधारण २०० ते ६०० वेळा, ब्लॅक घोस्ट १००० च्या आसपास. ही लहर दिवसरात्र, आयुष्यभर चालू असते. बाकीचे मासे सुटे स्पंद सोडतात. एलिफंटनोजचा एक स्पंद एका मिलिसेकंदाहूनही छोटा असतो आणि दोन स्पंदांमधला वेळ तो गरजेप्रमाणे कमीजास्त करतो.

विजेतून आजूबाजूचे कळते कसे?

माशाभोवती विद्युतक्षेत्र पसरलेले असते. त्यात एखादी वस्तू आली की क्षेत्राचा आकार बदलतो. पाण्यापेक्षा चांगली वाहक असलेली वस्तू, म्हणजे दुसरा जीव किंवा पाणवनस्पती, प्रवाह आपल्याकडे ओढते. दगडासारखी अवाहक वस्तू तो बाजूला सारते. त्यामुळे माशाच्या त्वचेवर वस्तूसमोरच्या भागात व्होल्टेज किंचित वाढते किंवा घटते. हा फरक टिपणारे हजारो ग्राही त्वचेत विखुरलेले असतात. अ‍ॅप्टेरोनोटसमध्ये त्यांची संख्या दहा हजारांच्या वर जाते. सगळ्या ग्राहींवर मिळून जो नक्षा उमटतो त्याला विद्युत प्रतिमा म्हणतात.

ही प्रतिमा डोळ्यातल्या प्रतिमेहून फार वेगळी आहे. इथे भिंग नाही, त्यामुळे काहीच केंद्रित करता येत नाही. प्रतिमा कायम धूसर. वस्तू दूर जाते तशी डोळ्यातली प्रतिमा लहान होते. विद्युत प्रतिमा उलट पसरत जाते आणि फिकी होते. शेजारी शेजारी दोन वस्तू असतील तर त्यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. पल्लाही तोकडा. मोठी वस्तू साधारण आपल्या शरीराच्या लांबीएवढ्या अंतरावरून कळते, बारीक भक्ष्य तर दोन-तीन सेंटिमीटरवरून. एवढ्या गरीब माहितीवर हे मासे मिट्ट काळोखात मुळांच्या जाळीतून न धडकता जातात. ते कसे, याचे उत्तर हालचालीत आहे.

वीज सतत चालूच असते, मग हलण्याची गरज काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

वीज सतत चालू असणे आणि संवेदना सतत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासा एका जागी थांबला आणि समोरची वस्तूही स्थिर असली, तर त्वचेवरचा नक्षाही स्थिर राहतो. ग्राहींना मात्र स्थिर गोष्टीची फारशी किंमत नाही. ते बदल टिपायला बनलेले आहेत. न बदलणाऱ्या उद्दीपनाला ते लवकर सरावतात आणि त्यांचा प्रतिसाद उतरतो. मेंदूतल्या पुढच्या पेशींमध्ये हा कल आणखी ठळक होतो. कापडावर बोट नुसते टेकवून ठेवले तर त्याचा पोत कळत नाही, फिरवले की लगेच कळतो. तसेच काहीसे हे आहे.

मासा हलला की स्थिर वस्तूची प्रतिमाही त्वचेवरून सरकू लागते. एका ग्राहीवरून ती पुढच्या ग्राहीवर जाते, प्रत्येक ग्राहीला चढ आणि उतार जाणवतो आणि न बदलणाऱ्या जगातून बदलणारा संकेत तयार होतो. म्हणजे माशाला जे हवे आहे ते तो स्वतःच्या शरीराच्या हालचालीने निर्माण करतो.

दुसरे कारण धूसरपणाशी जोडलेले आहे. एकाच क्षणाच्या प्रतिमेत जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू बरीच सारखी दिसू शकते. दोन-चार वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या प्रतिमा एकत्र केल्या की हा घोळ सुटतो. प्रत्येक नवी जागा म्हणजे नवा पुरावा.

पाळीव मासा नळीत सतत मागेपुढे हलत राहतो. तो अस्वस्थ आहे का?

बहुधा नाही, तो परिसर जोखत असतो. हीच हालचाल प्रयोगशाळेत सर्वांत बारकाईने अभ्यासली गेली आहे.

आयगेनमानियाला दिवसा लपायला आडोसा लागतो. टाकीत नळी ठेवली की तो तिच्यात शिरतो आणि नळी हळूहळू पुढे-मागे सरकवली तर तिच्याबरोबर पोहत आतच राहतो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. या सवयीमुळे संशोधकांना फार सोयीचे साधन मिळाले, कारण नळीची हालचाल पूर्णपणे आपल्या हातात असते आणि माशाची हालचाल कॅमेऱ्याने मोजता येते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले नोआ कोवन आणि त्यांचे सहकारी एरिक फॉर्च्युन यांनी या प्रयोगांची मोठी मालिका केली.

उजेडात मासा नळीचा पाठलाग बऱ्यापैकी गुळगुळीतपणे करतो, कारण डोळेही मदतीला असतात. दिवे घालवले की पाठलाग चालूच राहतो, पण त्यावर एक वेगळी, जलद मागेपुढे होणारी हालचाल चढते. नळीच्या जागेशी या हालचालीचा थेट संबंध नसतो. नळीत टिकून राहायला तिची गरज नाही, उलट त्यात ऊर्जा खर्च होते. तरीही मासा ती करतो, कारण अंधारात फक्त विद्युत संवेदना उरते आणि तिला सरकती प्रतिमा लागते.

आता कोणी म्हणेल, अंधारात त्याचा तोल नीट सांभाळला जात नसेल म्हणून तो हेलकावत असेल. ही शंका रास्त होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ती निकालात काढली आणि मला तो प्रयोग या क्षेत्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यात नळी माशाच्याच हालचालीला बांधली होती. कॅमेरा मासा कुठे आहे ते पाहायचा आणि मोटार त्या प्रमाणात नळी हलवायची. नळी माशाच्या दिशेनेच सरकवली तर त्याच्या त्वचेवरून प्रतिमा नेहमीपेक्षा कमी सरकते. विरुद्ध दिशेने सरकवली तर जास्त. मासा नुसता हेलकावत असता, तर नळीचे काहीही केले तरी त्याची हालचाल तेवढीच राहिली असती. तसे झाले नाही. प्रतिमा कमी सरकू लागली तेव्हा माशाने आपली हालचाल वाढवली, जास्त सरकू लागली तेव्हा आवरती घेतली. किती हललो याकडे त्याचे लक्ष नव्हते. त्वचेवरून प्रतिमा किती सरकते, हे त्याला ठरावीक पातळीवर राखायचे होते.

याच गटाच्या नंतरच्या कामातून आणखी एक बारकावा पुढे आला. मासा ही शोधक हालचाल सारख्याच जोराने करत राहत नाही. माहिती पुरेशी असेपर्यंत तो शांतपणे जागा राखतो आणि खात्री कमी झाली की जलद हालचालींचा झटका येऊन जातो. शोधणे आणि जागा राखणे ही कामे तो मिसळून टाकत नाही, आळीपाळीने करतो.

हे मासे मागे कसे पोहतात?

नाइफफिशच्या पोटाखाली जवळजवळ पूर्ण लांबीचा एक अखंड पर असतो. त्यातून लाट डोक्याकडून शेपटीकडे गेली की मासा पुढे जातो, उलट गेली की मागे. वळायचीही गरज नाही. जिम्नार्कसकडे असाच पर आहे, फक्त तो पाठीवर आहे. नाइफफिशशी जवळचे नाते नसूनही बांधणी तीच, फक्त वरची खाली झालेली.

या रचनेचा मुख्य फायदा म्हणजे धड ताठ राहते. सामान्य मासा अंग वळवळवून पोहतो. वीज शेपटीत आणि ग्राही सगळ्या अंगावर असलेल्या माशाने तसे केले, तर प्रत्येक वळशाबरोबर त्याचे स्वतःचे क्षेत्र वेडेवाकडे होईल. पराला कामाला लावून धड स्थिर ठेवले की ही अडचण बरीच कमी होते.

केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांचे लक्ष जिम्नार्कसच्या याच पोहण्याने वेधले होते. शेपटीच्या दिशेने जातानाही तो अडथळे अचूक चुकवतो, ते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १९५१ मध्ये त्यांनी माशाच्या शेपटीतून अखंड विद्युत संकेत निघत असल्याचे प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये केनेथ मशिन यांच्याबरोबर त्यांनी दाखवले, की दिसायला सारख्याच सच्छिद्र भांड्यांपैकी कशात टाकीतले पाणी आहे आणि कशात ऊर्ध्वपातित पाणी, हे जिम्नार्कस बाहेरून ओळखायला शिकतो. विद्युत संवेदनेचा शोध असा पोहण्याच्या निरीक्षणातून लागला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

परात एकाच वेळी दोन उलट लाटा दिसतात. त्यात शक्ती वाया जात नाही का?

जाते, पण त्या बदल्यात नियंत्रण मिळते. एका जागी तरंगताना आयगेनमानिया पराच्या पुढच्या भागातून मागे जाणारी आणि मागच्या भागातून पुढे येणारी लाट सोडतो. दोन्ही लाटा मध्ये एका बिंदूवर भेटतात. त्यांचे जोर एकमेकांना बरेचसे खोडतात. तो बिंदू थोडा पुढे किंवा मागे सरकवला की मासा त्या बेताने इकडे किंवा तिकडे सरकतो. २०१३ मध्ये गणिती प्रतिकृती आणि यांत्रिक पर वापरून दाखवले गेले, की या युक्तीने स्थैर्य आणि चपळाई दोन्ही एकदम वाढतात. एरवी अभियंत्यांना यांपैकी एक वाढवायला दुसरे कमी करावे लागते. वर सांगितलेली बारीक मागेपुढे हालचाल इतक्या सहज होते ती या परामुळेच.

शिकार शोधताना ब्लॅक घोस्ट डोके खाली करून तिरका का पोहतो?

सरळ पोहला तर पाण्याचा विरोध सर्वांत कमी. पण मग त्याचे संवेदनक्षेत्र एका अरुंद बोगद्यातूनच पुढे सरकेल. लांबट शरीर साधारण ३० अंश तिरके धरले की तेवढ्याच प्रवासात कितीतरी अधिक पाणी तपासून होते. माल्कम मॅकायव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचा हिशोब मांडला. तिरके पोहण्यात ऊर्जा जास्त जाते, पण तपासलेल्या पाण्याच्या मापाने पाहिले तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

मॅकायव्हर आणि मार्क नेल्सन यांनी त्याआधी डॅफ्निया हे बारीक जलचर भक्ष्य म्हणून सोडून शिकारीचे चित्रण केले होते, तेही अवरक्त प्रकाशात, म्हणजे माशाच्या दृष्टीने अंधारात. मासा तिरका पुढे जात असतो. डॅफ्निया बऱ्याचदा त्याच्या पाठीच्या कडेला, डोक्याच्या मागे कुठेतरी जाणवतो. तोवर तोंड पुढे निघून गेलेले असते. सामान्य माशाला इथे वळसा घालावा लागला असता. हा लगेच थांबतो, उलटा पोहत तोंड भक्ष्यापर्यंत आणतो आणि जाता जाता अंग असे कलते करतो की भक्ष्य पाठीसमोरच राहील. संवेदनेचा पल्ला सगळ्या दिशांना आहे आणि त्याच्या जोडीला सगळ्या दिशांना जाता येते. या दोन क्षमता एकमेकींच्या मापाने घडलेल्या आहेत.

वस्तू किती लांब आहे हे एका धूसर प्रतिमेवरून कसे कळते?

दोन मार्ग आहेत. पहिला स्थिर प्रतिमेतला. जर्मनीतले गेऱ्हार्ड फॉन डेर एम्डे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एलिफंटनोजवर प्रयोग करून दाखवले, की मासा प्रतिमेच्या कडेचा उतार आणि तिची कमाल तीव्रता यांचे गुणोत्तर वापरतो. वस्तू लांब तितकी कड पसरट. आकार किंवा पदार्थ बदलला तरी ही खूण बरीच टिकून राहते. गोलाच्या बाबतीत मात्र ती फसते आणि मासेही नेमके गोलाचे अंतर चुकवतात. त्यावरून ते हीच खूण वापरतात हे पक्के झाले.

दुसरा मार्ग हालचालीचा. बाजूने सरकताना जवळच्या वस्तूची प्रतिमा त्वचेवरून ज्या तऱ्हेने सरकते, त्या तऱ्हेने लांबच्या वस्तूची सरकत नाही. डोळ्यांनी पाहणारे प्राणीही चालताना या फरकावरून अंतर ओळखतात. २०१८ मध्ये आयगेनमानियावरच्या कामातून दिसले, की विद्युत संवेदनेतही अशीच खूण तयार होते आणि मासे तिच्यानुसार वागतात.

शेपटी वाकवून मासे काय साधतात?

नवी वस्तू दिसली की बरेच मासे तिच्याभोवती शेपटी वळवतात, कधी पूर्ण अंगाचा कमानीसारखा बाक करतात. वीज शेपटीत तयार होते. त्यामुळे शेपटी वाकवणे म्हणजे क्षेत्राचा उगमच हलवणे आणि वस्तूवर वेगळ्या बाजूने वीज पाडणे. शिवाय बाकदार अंगामुळे वस्तू एकदम अनेक ग्राहींसमोर येते.

यात एक मोठी अडचण आहे. शेपटी थोडी जरी वाकली तरी स्वतःच्याच क्षेत्रात होणारा बदल एखाद्या लहान वस्तूमुळे होणाऱ्या बदलाहून कितीतरी मोठा असतो. बारीक किड्याचा संकेत त्यात पार बुडून जायला हवा. तसे होत नाही, कारण मेंदू स्वतःच्या हालचालीचा परिणाम आधीच ओळखून वजा करतो. शेपटी किती वाकली याची माहिती तिच्यातल्या संवेदकांकडून येते, मेंदू त्यावरून अपेक्षित संकेताची उलटी प्रतिमा तयार करतो आणि ती प्रत्यक्ष संकेतात मिसळतो. अपेक्षित तेवढे खोडले जाते, अनपेक्षित तेवढे उरते. जोसेफ बॅस्टियन यांनी १९९०च्या दशकात अ‍ॅप्टेरोनोटसमध्ये हे दाखवले. आफ्रिकन मॉर्मिरिडांमध्ये कर्टिस बेल यांना १९८१ मध्येच अशी यंत्रणा सापडली होती. तिथे वजाबाकी स्पंद सोडण्याच्या आज्ञेशी जोडलेली असते.

ही उलटी प्रतिमा जन्मतः ठरलेली नसते. परिस्थिती बदलली की मेंदू ती काही मिनिटांत नव्याने शिकतो. हे सगळे घडते ते अनुमस्तिष्कासारख्या रचनेत. माणसाच्या मेंदूतला अनुमस्तिष्क काय करतो हे समजून घ्यायला मासे इतके उपयोगी पडले, ते या कारणाने.

एलिफंटनोजची सोंड कशासाठी असते?

ती सोंड नाही, हनुवटीचा लांबलेला, लवचीक भाग आहे. विद्युत ग्राही तिथे सर्वांत दाट असतात. मासा तळालगत डोके खाली करून जातो आणि हा अवयव डावीकडे-उजवीकडे भराभर फिरवत गाळ तपासतो. काही नवे जाणवले की तो त्या दिशेला वळतो आणि स्पंदांचा वेगही त्याच क्षणी वाढतो. माणूस नजर वळवतो तेव्हा दृष्टीचा सर्वांत तीक्ष्ण भाग वस्तूवर आणतो. हनुवटीचे काम तेच.

मॉर्मिरिड मासे वस्तू तपासताना करतात त्या हालचालींची १९७०-८०च्या दशकांत पद्धतशीर नोंद झाली: वस्तूच्या बाजूने मागेपुढे जाणे, तिच्या दिशेने जाऊन परतणे, हनुवटीने चाचपणे, शेपटीने चाचपणे, शेजारी स्तब्ध राहणे. त्यांतली बाजूने मागेपुढे जाण्याची हालचाल नाइफफिशमध्येही तशीच आढळते.

एवढे हलण्यापेक्षा जास्त वीज सोडणे सोपे नाही का?

पल्ल्यासाठी तरी नाही. वीज वस्तूपर्यंत पोचताना क्षीण होते आणि वस्तूमुळे झालेला बदल त्वचेपर्यंत परतताना पुन्हा क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले तर संकेत दहापटीहून अधिक उतरतो. म्हणजे पल्ला थोडा वाढवायलाही प्रचंड शक्ती लागेल. वीज आधीच स्वस्त नाही आणि मेंदूचा खर्च वेगळाच: एलिफंटनोजच्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. अशा वेळी एक सेंटिमीटर जवळ सरकणे हा कितीतरी किफायतशीर उपाय आहे.

पाण्याचाही यात हात असतो. पाण्याची वाहकता वाढली की ब्लॅक घोस्टला डॅफ्निया अधिक जवळ आल्यावरच कळतो, असे मोजमापांत दिसले आहे. नदीत पावसाप्रमाणे वाहकता बदलत राहते, म्हणजे माशाला आपला पल्लाही बदलता धरूनच पोहावे लागते.

स्पंद सोडणाऱ्या माशांना आणखी एक सोय आहे. तीव्रता वाढवता आली नाही तरी स्पंद जवळजवळ सोडता येतात. नवी वस्तू, अनोळखी जागा, शिकारीची अखेरची झडप, अशा वेळी त्यांचा वेग झपाट्याने चढतो.

ओळखीच्या जागेतही ते इतकेच चाचपतात का?

नाही, आणि हे फार सुंदर रीतीने दाखवले गेले आहे. ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी जिम्नोटस या स्पंद सोडणाऱ्या नाइफफिशांना अंधाऱ्या टाकीत खुणेच्या वस्तूंजवळ खाद्य शोधायला शिकवले. ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला शोध टाकीभर पसरलेला होता. जागा पाठ झाल्यावर मासे बाकीचे अंतर सरळ कापत आणि खाद्य असायला हवे तिथे पोचले की वेग कमी करून, मागे-पुढे होत, दाट स्पंद सोडत शोधत. खाद्य काढून घेतले तरी त्या जागी ते तसेच चाचपत राहिले. कुठे लक्ष द्यायचे हे आठवणीने ठरवले होते आणि लक्ष म्हणजे काय ते आपल्याला पोहण्यातून बाहेरून दिसत होते. दुसऱ्या प्राण्याचे लक्ष कुठे आहे हे इतके उघड मोजता येणे दुर्मीळ आहे.

शेजारच्या माशाच्या विजेने गोंधळ होत नाही का?

होतो. दोघांच्या लहरींची वारंवारता अगदी जवळ आली तर क्षेत्रात हळू ठोके उमटतात आणि वस्तू ओळखणे कठीण होते. आयगेनमानिया अशा वेळी आपली वारंवारता शेजाऱ्यापासून दूर नेतो. जपानी संशोधक वातानाबे आणि ताकेदा यांनी १९६३ मध्ये हे नोंदवले आणि वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी त्यामागची मेंदूतली साखळी जवळजवळ पूर्ण उलगडली.

त्यांना डोळे असतात का?

असतात, लहान असले तरी उपयोगी. नळीच्या प्रयोगांत उजेड-अंधाराने वागणूक बदलते ती त्यामुळेच.

इलेक्ट्रिक ईल याच गटातला का?

हो, तोही जिम्नोटिफॉर्मच. मोठ्या झटक्यांखेरीज तो क्षीण वीजही सोडतो. २०१९ मध्ये वेगळी ओळखली गेलेली इलेक्ट्रोफोरस व्होल्टाय ही जात ८६० व्होल्टपर्यंत जाते. केनेथ कॅटानिया यांनी २०१५ मध्ये दाखवले, की झडप घालताना ईल मोठा झटकाच शिकारीचा माग काढायलाही वापरतो.

घरच्या टाकीत ब्लॅक घोस्ट ठेवायचा असेल तर?

त्याला अंग पूर्ण मावेल अशी नळी किंवा कपार आणि मागेपुढे पोहायला मोकळी लांबी द्या. लहानपणी आटोपशीर दिसणारा हा मासा बराच लांब वाढतो, म्हणून लहान टाकीत त्याला ठेवणे मला अन्यायाचे वाटते. शेपटीचे टोक तुटले तर घाबरू नका. नाइफफिशची शेपटी मणक्यातल्या चेतारज्जूसह पुन्हा वाढते.

या अभ्यासाचा रोबोटसाठी काय उपयोग?

गढूळ पाण्यात कॅमेरे निरुपयोगी ठरतात आणि अगदी जवळच्या अंतरावर सोनारलाही अडचण येते. तिथे इलेक्ट्रोड लावलेले, विद्युतक्षेत्राने वस्तू ओळखणारे यांत्रिक मासे उपयोगी पडतील अशी कल्पना आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या घोस्टबॉटमध्ये ब्लॅक घोस्टसारखा लांब पर बसवून दोन लाटांची युक्ती प्रत्यक्ष चालवून पाहिली गेली.

यंत्र बनवण्याहून कठीण प्रश्न म्हणजे ते फिरवायचे कसे. सरळ उत्तर सुचते: जिथे माहिती सर्वांत जास्त मिळेल तिथे न्या. पण संकेत क्षीण आणि गोंगाट जास्त असताना हे उत्तर फसते, कारण पहिलाच अंदाज चुकला तर यंत्र चुकीच्या जागी अडकून बसते. मॅकायव्हर यांच्या गटाने २०२० मध्ये वेगळा नियम मांडला: प्रत्येक जागी तिथून अपेक्षित माहितीच्या प्रमाणात वेळ घालवायचा आणि त्या वाटपाला ऊर्जेच्या खर्चाची मर्यादा घालायची. या नियमाने काढलेले मार्ग त्यांनी विद्युत मासा, चिचुंदरीसारखा मोल, झुरळ आणि पतंग यांच्या नोंदवलेल्या हालचालींशी ताडून पाहिले. नळीत थांबलेल्या आयगेनमानियाची मागेपुढे हालचाल या नियमातून आपोआप निघाली आणि संकेत जितका क्षीण केला तितकी ती वाढली.